केनियाच्या आधी चांद्याचे अरण्य

महाराष्ट्राचा विस्तार सांगताना ‘चांद्यापासून बांद्यापर्यंत’ असे म्हणण्याची रीत आहे. बांद्याकडे, म्हणजे गोव्याच्या वाटेवर, व्यापारी कुटुंबांचे जाणे-येणे नित्याचे असते. चांद्याकडे मात्र बहुतेकांची पावले भद्रावतीच्या यात्रेपुरतीच वळतात. संघाची बस पहाटे पोहोचते, सेवा-पूजा होते, भोजनशाळेत पंगत बसते आणि दुपार कलताच मंडळी परतीला लागतात. तीर्थापासून मोटारीने तासाभराच्या अंतरावर महाराष्ट्रातील सर्वांत जुने राष्ट्रीय उद्यान आहे, हे त्यांतील अनेकांच्या गावीही नसते. हीच कुटुंबे पुढच्या सुट्टीत वाघ-सिंहांच्या ओढीने नैरोबीची तिकिटे काढतात.

केनियाला जाण्यात गैर काही नाही, उलट जैन प्रवाशाला तो देश सोयीचा आहे. हालार प्रांतातील ओसवाल कुटुंबे गेल्या शतकाच्या आरंभापासून तेथे व्यापारासाठी स्थायिक झाली. मोंबासाचे शिखरबंद देरासर १९६३ सालचे आहे, आणि नैरोबीत जैन भोजन मिळवण्यास फारसे सायास पडत नाहीत. मुंबईहून थेट विमानाने सहा तासांत पोहोचता येते. पीतज्वराची लस आणि तिचा दाखला तेवढा विसरून चालत नाही, कारण मायदेशी परतताना तो मागितला जातो. आणखी एक गोष्ट या वाचकवर्गाला विशेष वाटावी : केनियाने १९७७ साली शिकारीवर बंदी घातली. एके काळी बंदूकधारी गोऱ्या शिकाऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेला तो देश आज कॅमेऱ्यावर जगतो.

परंतु मसाई मारा हे गवताचे रान आहे. नजर जाईल तेथवर पिवळे गवत, मध्येच एखादे बाभळीच्या कुळातील झाड आणि क्षितिजापर्यंत पसरलेले कळप. जुलै ते ऑक्टोबर या काळात सेरेंगेटीतून येणारे वाइल्डबीस्टचे लोंढे तर लाखांनी मोजले जातात. तेथे प्राणी शोधावा लागत नाही, तो समोर असतो. चांद्याचे अरण्य याच्या नेमके उलट आहे. साग, ऐन, बिजा, धावडा, मोह, तेंदू आणि या सर्वांना वेढून राहिलेला बांबू. दहा हातांवर बसलेला वाघ दिसत नाही, अशी ही दाटी. येथे डोळ्यांच्या आधी कान कामाला येतात. वानर झाडाच्या शेंड्यावरून खाकरल्यासारखा आवाज काढते, चितळ तीक्ष्ण शीळ घालते, सांबर ‘पोंक’ असा जड आवाज देते. गाइड जिप्सी थांबवतो, इंजिन बंद करवतो आणि सगळे श्वास रोखून बसतात. वानर आणि चितळ कधी कधी उगाचही ओरडतात. सांबर सहसा खोटे बोलत नाही, असे जाणते गाइड सांगतात. कित्येकदा अर्धा तास थांबूनही काही दिसत नाही. ज्या मुलांना मोबाईलच्या पडद्यावर दर दहा सेकंदांनी नवे चित्र लागते, त्यांच्यासाठी तो अर्धा तास साऱ्या सहलीत सर्वांत मोलाचा ठरू शकतो.

ताडोबा हे राष्ट्रीय उद्यान म्हणून १९५५ साली घोषित झाले. अंधारी अभयारण्य १९८६ मध्ये आले आणि पुढे दोन्ही मिळून ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्प झाला. त्याचे गाभा क्षेत्र सुमारे ६२५ चौरस किलोमीटर आहे आणि त्याभोवती बफरचा, म्हणजे गावे, शेते व जंगल एकत्र नांदणारा, त्याहूनही मोठा पट्टा आहे. ‘ताडोबा’ हे नाव कोणा इंग्रज अधिकाऱ्याने दिलेले नाही. तारू नावाचा गावप्रमुख वाघाशी झुंजताना कामी आला आणि आदिवासींनी त्याला देव मानले, अशी आख्यायिका आहे. तलावाच्या काठी, एका जुन्या वृक्षाखाली त्याचे ठाणे आहे. पौष महिन्यात तेथे जत्रा भरत असे. वाघाने मारलेल्या माणसाचे नाव वाघांच्या राज्याला मिळावे, याला केवळ योगायोग म्हणणे अवघड आहे. जंगलातील रस्त्याकडेला काही ठिकाणी जुने दगडी खांब दिसतात. गोंड राजांच्या काळात त्यांच्या आधाराने दोर व घंटा बांधून निरोप पोहोचवीत, असे सांगतात.

लहान मुलांसाठी एक खेळ येथे सहज जमतो. चोवीस तीर्थंकरांची लांछने त्यांना पाठशाळेत पाठ करावी लागतात. ती या अरण्यात चालती-फिरती भेटतात. अभिनंदनस्वामींचे लांछन वानर पहिल्या वळणावरच दिसते. शांतिनाथांचे हरीण कळपाकळपाने असते. विमलनाथांचा वराह डबक्याच्या काठी माती उकरत असतो. सुविधिनाथांचा मकर म्हणजे मगर ताडोबा तलावाच्या काठावर ऊन खात पडलेली दिसू शकते. मुनिसुव्रतस्वामींचे कासव आणि पार्श्वनाथांचा सर्प यांची गाठ नशिबाने पडते. वासुपूज्यस्वामींचा महिष, म्हणजे खरी रानम्हैस, पाहायची तर गडचिरोलीच्या दक्षिण टोकाला कोलामार्काच्या राखीव रानापर्यंत जावे लागते, आणि तेथेही ती दर्शन देईल याचा भरवसा नाही. महावीरस्वामींचा सिंह व श्रेयांसनाथांचा गेंडा यांच्यासाठी मात्र गीर-काझीरंगा किंवा तो केनियाच गाठावा लागतो. गंमत अशी की, ज्याच्यासाठी लोक ताडोब्याला धाव घेतात तो वाघ चोवीस लांछनांत कोठेच नाही.

आता सोयीगैरसोयीचे थोडे सविस्तर, कारण पर्यटन कंपन्यांच्या पत्रकांत जैन कुटुंबाच्या अडचणी लिहिलेल्या नसतात. सकाळची सफारी सूर्योदयाच्या सुमारास सुरू होते आणि तीन-चार तास चालते. नवकारशी पाळणाऱ्यांची वेळ, म्हणजे सूर्योदयानंतरची ४८ मिनिटे, जंगलात जिप्सीतच पुरी होते. वाटेत कोठेही खाली उतरता येत नाही, म्हणून नाश्ता परत आल्यावरच होणार हे धरून चालावे. दुपारची सफारी अधिक अडचणीची. ती सूर्यास्ताच्या आसपास संपते आणि प्रवेशद्वारापासून मुक्कामी पोहोचेपर्यंत अंधार पडलेला असतो. चौविहार करणाऱ्यांनी त्या दिवशी दुपारचे जेवण उशिरा व पोटभर घ्यावे, उकळलेले पाणी बाटलीत भरून घ्यावे आणि सूर्य मावळण्याआधी गाडीतच पाणी पिऊन पच्चक्खाण घ्यावे. वृद्धांना हे झेपत नसेल तर त्यांच्यासाठी फक्त सकाळची सफारी घेणे उत्तम. कंदमुळे नसलेले जेवण मोहर्ली, कोलारा परिसरातील मुक्कामाच्या ठिकाणी आधी कळवल्यास करून देतात. आयत्या वेळी सांगितल्यास बटाटा बाजूला काढून दिला जातो, आणि त्याला जैन जेवण म्हणत नाहीत. गावातील दुकानात रानमध मोठ्या अभिमानाने पुढे केला जातो. मध वर्ज्य असल्याचे हसून सांगितले की दुकानदाराचाही मान राहतो.

आरक्षण ऑनलाइन होते आणि सुट्टीच्या दिवसांचे फार आधी संपते. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात, मूळ ओळखपत्र सोबत लागते आणि गाभा क्षेत्र मंगळवारी बंद असते. मोबाईल आत नेता येत नाही. ही बंदी गैरसोयीची वाटली तरी तिच्यासारखा चांगला नियम दुसरा नाही. १ जुलै ते ३० सप्टेंबर गाभा क्षेत्राचे दरवाजे पूर्ण बंद असतात. साधू-साध्वी चातुर्मासात एके जागी स्थिर होतात, त्याच काळात अरण्यही माणसांची वर्दळ थांबवते, हा जुळलेला मेळ जैन कुटुंबांना आवडेल. वाघ हमखास दिसावा म्हणून पुष्कळजण एप्रिल-मे निवडतात, कारण तेव्हा पाणवठे आटतात आणि प्राणी मोजक्या डबक्यांभोवती जमतात. पण त्या दिवसांत चंद्रपूरचा पारा ४५ अंशांच्या पुढे जातो. लहान मुले आणि आजी-आजोबा सोबत असतील तर कार्तिकी पौर्णिमेनंतर फाल्गुनापर्यंतचा काळच योग्य. रात्रीच्या सफारी न केलेल्या बऱ्या.

याच उन्हाळ्याची दुसरी बाजू पर्यटकाच्या नजरेस सहसा येत नाही. चैत्रात मोहफुले गळतात आणि वैशाखात तेंदूची पाने तोडणीला येतात. बफरमधील व आसपासच्या गावांतील बायाबापड्या पहाटेच टोपल्या घेऊन रानात शिरतात, कारण या चार-सहा आठवड्यांच्या कमाईवर पुढचे कित्येक महिने काढायचे असतात. खाली वाकून पाने तोडणारे माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही. मे २०२५ मध्ये सिंदेवाही तालुक्यात तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या तीन महिला एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात मृत्युमुखी पडल्या. चंद्रपूर जिल्ह्यात दरवर्षी अशी कित्येक घरे उजाड होतात. नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोब्यातच व्याघ्रगणनेच्या कामासाठी पायी निघालेल्या एका महिला वनरक्षकाचा वाघिणीने बळी घेतला. जिप्सीत बसलेल्या पाहुण्याला वाघ दिसतो, कारण जिप्सीबाहेरच्या माणसांनी वाघाचे शेजारीपण पत्करले आहे. प्रकल्पाच्या गाभ्यातील काही गावांनी तर वाघासाठी आपली घरेदारे सोडून दुसरीकडे वस्ती केली.

म्हणून येथे पैसा कसा आणि कोठे खर्च होतो, याला महत्त्व आहे. हिशेबाची सवय असलेल्या कुटुंबांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. मारा परिसरात अनेक मसाई जमीनमालक आपली कुरणे वन्यप्राण्यांसाठी राखून पर्यटन व्यावसायिकांना भाड्याने देतात. गुरे राखण्याइतकेच सिंह राखणे त्यांना परवडते, म्हणून सिंह टिकतो. ताडोब्यात गाइड व जिप्सीचालक बहुतेक आसपासच्या गावांतले असतात, त्यांत आता महिलाही आहेत. बफरमधील काही गावांत घरगुती निवासाची सोय झाली आहे. चकचकीत रिसॉर्टमध्ये तीन रात्री काढण्याऐवजी त्यांतली एक तरी रात्र अशा घरी काढली, तर चुलीवरची भाकरी आणि तूरडाळीचे वरण मिळते. जैन पद्धतीचा स्वयंपाक कसा करायचा हे त्या घरच्या सुनेला एकदा नीट सांगितले, तर पुढच्या जैन कुटुंबाची सोय होते. चिचपल्लीच्या बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या आधाराने तयार झालेल्या कारागिरांच्या टोपल्या, दिवे, राख्या चंद्रपुरात मिळतात. भेटवस्तूंची खरेदी तेथे करावी.

पर्यटकाच्या हट्टाचे परिणामही सांगितले पाहिजेत. वाघ दाखवाच, म्हणून गाइडवर दबाव आणला, मोठ्या बक्षिसीचे आमिष दाखवले की तो गाडी पुढे दामटतो. ३१ डिसेंबर २०२४ रोजी शेजारच्या उमरेड-करांडला अभयारण्यात पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीची व तिच्या बछड्यांची वाट दोन्ही बाजूंनी अडवली. त्याची चित्रफीत पसरली आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली. जीवदयेचा वारसा सांगणाऱ्या घरांतील माणसे अशा गाडीत बसलेली असू नयेत, एवढी अपेक्षा वाजवी आहे. वानरांना बिस्किटे, केळी घालणे हेही दयेचे काम नव्हे. रस्त्यावर खाद्य मिळते हे त्यांना कळले की ती वाहनांखाली येतात, आणि पुढे वस्तीत शिरून पिकांची व घरांची नासधूस करतात. कबुतरांना दाणे टाकण्याची सवय झालेल्या हातांना येथे आवर घालावा लागतो.

भद्रावतीचा मुक्काम ताडोब्याला जोडून घेणे सोयीचे आहे. स्वप्नदेव केसरिया पार्श्वनाथ हे नाव ज्या प्रसंगावरून पडले, तो संवत १९६६ मधला, म्हणजे इ.स. १९१० च्या आसपासचा. शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथ संस्थेच्या व्यवस्थापकांना स्वप्नदृष्टांत झाला आणि भांदकच्या रानातील भग्नावशेषांत नागफणांचे छत्र असलेली श्यामवर्णी मूर्ती सापडली, अशी श्रद्धा आहे. त्यानंतर जीर्णोद्धार होऊन तीर्थ पुन्हा नांदते झाले. आज बागेने वेढलेले देरासर, धर्मशाळा, भोजनशाळा असा सारा परिवार तेथे आहे. ज्या मूर्तीची सेवा आज केशराने होते, ती कितीतरी काळ या जंगलाच्याच सांभाळात होती. गावाजवळ विजासन टेकडीत बौद्ध लेणी आहेत आणि भद्रनागाचे मंदिरही आहे. अर्ध्या दिवसात तिन्ही स्थळे होतात.

चंद्रपूर शहर धावत्या भेटीपुरते. जटपुरा, पठाणपुरा या वेशी, गोंड राजांचा परकोट, महाकालीचे मंदिर आणि राणी हिराईने पती बीरशहासाठी बांधलेली समाधी एवढे पाहिले की पुरे. कोळशाच्या खाणी आणि औष्णिक वीज केंद्राचा धूर यांमुळे तेथे फार रेंगाळावेसे वाटत नाही.

खरा विस्तार पुढे आहे. चंद्रपुरातून २६ ऑगस्ट १९८२ रोजी वेगळ्या झालेल्या गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन चतुर्थांश भाग जंगलाने व्यापलेला आहे. नक्षलवादाच्या बातम्यांमुळे बाहेरची कुटुंबे इकडे फिरकत नसत. गेल्या काही वर्षांत परिस्थिती पुष्कळ निवळली असली तरी प्रवास दिवसाच करावा, आतल्या भागात जाण्याआधी स्थानिक परिचितांना विचारावे, आणि सुरजागडच्या लोहखनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यांवर वेळेचा हिशेब सैल ठेवावा. चामोर्शी तालुक्यातील मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरेकडे वळते आणि त्या वळणावर वालुकाश्मातील मंदिरांचा समूह उभा आहे. आबू-राणकपूरचे संगमरवर पाहिलेल्या डोळ्यांनाही येथील शिल्पे थांबवून धरतात. आलापल्लीजवळ ‘वनवैभव’ नावाचा अवघ्या सहा हेक्टरांचा सागवनाचा तुकडा कुऱ्हाडीपासून राखलेला आहे. २०१४ साली तो राज्यातील पहिले जैवविविधता वारसास्थळ ठरला. लाकडाच्या व्यापारात ज्यांच्या पिढ्या गेल्या, त्यांनी हे सागाचे बुंधे एकदा तरी पाहावेत. कमलापूरला वनविभागाचा हत्ती कॅम्प आहे. सिरोंच्याजवळच्या वडधम येथे डायनोसोरांचे जीवाश्म मिळाले असून तेथे जीवाश्म उद्यान आहे.

भामरागडच्या वाटेवरचे हेमलकसा मात्र केवळ पाहण्याचे ठिकाण नव्हे. बाबा आमटे यांनी २३ डिसेंबर १९७३ रोजी तेथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांनी तो वाढवला. आरंभीच्या काळात माडिया शिकारी मारलेली माकडीण घेऊन जाताना डॉक्टरांना दिसले. तिच्या अंगाला जिवंत पिलू चिकटून होते. ते पिलू त्यांनी मागून घेतले आणि तेथून अनाथ वन्यप्राण्यांचा सांभाळ सुरू झाला. जैन वाचकाने लक्षात घ्यावे असे पुढचे आहे. आमटे दांपत्याने माडियांना अहिंसेचे प्रवचन दिले नाही. ही शिकार हौसेची नाही, भुकेची आहे, हे त्यांनी ओळखले आणि दवाखाना, शाळा, शेती यांचे काम उभे केले. घरात अन्न आले, मुले शाळेत जाऊ लागली, तशी शिकार मागे पडत गेली.

धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा हे गोंडांचे लहानसे गाव व्यापाऱ्यांनी आवर्जून पाहावे. वनहक्क कायद्याखाली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरचा सामूहिक हक्क या गावाला २००९ मध्ये मिळाला आणि एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतूक परवान्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. देवाजी तोफा यांच्यासारख्यांनी गावाला सहमतीने निर्णय घेण्याची सवय लावली होती, तिचे हे फळ. ज्या गावकऱ्याला पूर्वी स्वतःच्या रानातला बांबू तोडल्याबद्दल चोर ठरवले जाई, तो आता बांबूच्या सौद्यात विकणारा म्हणून बसतो. धान्याच्या पेढ्यांवर ज्याची पोती रचलेली असतात तो एचएमटी तांदूळही याच मुलखाचा आहे. नागभीड तालुक्यातील नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे या दीड एकराच्या शेतकऱ्याने तो निवडून काढला. बाजारात आला तेव्हा त्याला नाव नव्हते, म्हणून त्या काळी लोकप्रिय असलेल्या घड्याळाचे नाव व्यापाऱ्यांनी त्याला देऊन टाकले. तांदूळ घरोघरी पोहोचला. दादाजींचे आयुष्य हलाखीतच गेले आणि २०१८ साली त्यांचे निधन झाले.

एवढा प्रवास करायचा तर सात दिवस हाताशी असावेत : भद्रावतीला एक रात्र, ताडोब्याला दोन, गडचिरोलीत मुक्काम करून मार्कंडा व मेंढा-लेखा, मग आलापल्ली-हेमलकसा आणि शेवटी सिरोंचा. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्कच तुटतो, म्हणून त्या दिवसांत हा बेत आखू नये. आलापल्लीच्या पुढे जैन भोजनाची सोय गृहीत धरू नये. खाखरे, मेतकूट, मुगाचे पीठ आणि एक छोटी शेगडी सोबत असली की निभावते. सिरोंच्याहून चंद्रपूरला उलटे येण्यापेक्षा हैदराबाद-सिकंदराबादकडच्या कुटुंबांनी पूल ओलांडून कालेश्वरमवरून मंचेरियाल गाठावे आणि तेथून रेल्वे पकडावी.